बहिःस्थ कला आणि कलावंताचे मन

गढा आणि पाटनगढ

जबलपूर शहरातील एका खडकाळ टेकडीवर, प्रचंड शिळेच्या आधाराने उभी असलेली मदनमहाल नावाची लहानशी वास्तू आहे. तिच्या परिसरातील गढा ही जुनी वस्ती आज शहराचाच एक भाग झाली आहे; परंतु एके काळी ती गोंड राज्याचे मुख्य ठाणे होती आणि त्या राज्याला गढा-मंडला याच नावाने ओळखीत असत. १५६४ मध्ये मोगल सरदार आसफखान याच्याशी लढताना जिने देह ठेवला ती राणी दुर्गावती याच राज्याची. जबलपूरच्या विद्यापीठाला १९८३ मध्ये तिचे नाव देण्यात आले. पुढे १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याची राजवट संपुष्टात आणली आणि नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातील गोंडांचा इतिहास दरबारातून उठून रानात गेला.

राजे गेले, परंतु त्यांची गाथा सांगणारे राहिले. ते म्हणजे परधान. हा समाज गोंडांचा परंपरागत गायक, भाट आणि वंशावळी सांगणारा समाज होय. विदर्भातील यवतमाळ-चंद्रपूरकडील वाचकाला परधान हे नाव परके नाही. तेथेही हा समाज मोठ्या संख्येने आहे. परधानांची एक कथा अशी : सात भावांपैकी सर्वांत धाकट्याने सजा वृक्षाखाली बसून बाना नावाचे तंतुवाद्य वाजविले आणि रुसलेल्या बडा देवाला प्रसन्न करून घेतले, तो धाकटा भाऊ म्हणजे पहिला परधान. तेव्हापासून परधानाने बाना घेऊन साधारणतः दर तीन वर्षांनी आपल्या गोंड यजमानांच्या दारी जावे, बाना जागवावा, देवांची आणि राजांची गाथा गावी, आणि यजमानाने त्याला धान्य, वस्त्र, क्वचित गुरे द्यावीत, असा रिवाज पडला. महाराष्ट्रातून आलेले शामराव हिवाळे आणि त्यांचे सहकारी व्हेरिअर एल्विन हे १९३२ पासून मैकल पर्वताच्या परिसरात राहत होते. हिवाळे यांनी या परधानांवर लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. एका मराठी माणसाने केलेला हा अभ्यास आजही परधानांविषयीच्या माहितीचा एक मूलाधार आहे.

या रिवाजातील एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. परधान गायक गरीब असे, पण एकाकी नसे. तो कोणाकडे जाणार हे ठरलेले असे. त्याची वाट पाहणारे घर असे. आणि गाणे संपल्यावर कोणत्या वाटेने परत यावयाचे हेही त्याला ठाऊक असे. कलावंताला ऐकणारा, देणारा आणि परत घरी पोहोचविणारा असा एक वर्तुळाकार संबंध त्या कलेभोवती होता. गोंडांची सत्ता आणि संपत्ती ओसरली तसे हे वर्तुळ क्षीण होत गेले. पुढील विवेचनात या वर्तुळाकडे पुन्हा पुन्हा वळावे लागणार आहे. कारण कलावंताच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न पुष्कळदा याच वर्तुळाच्या तुटण्याशी जोडलेला असतो.

'बहिःस्थ' या शब्दाचा इतिहास

ज्यांनी कलेचे विधिवत शिक्षण घेतलेले नाही, ज्यांचा कलादालनांशी वा कलेच्या बाजारपेठेशी संबंध आलेला नाही, आणि जे समाजाच्या कडेवर, कधी मनोरुग्णालयाच्या भिंतीआड, जगले, अशा माणसांच्या निर्मितीला पाश्चात्त्य जगात बहिःस्थ कला असे म्हणतात. ही संज्ञा १९७२ मध्ये रॉजर कार्डिनल या इंग्रज अभ्यासकाने रूढ केली. त्यापूर्वी, १९४५ मध्ये, झां द्युब्युफे या फ्रेंच चित्रकाराने 'आर्ट ब्रूट', म्हणजे संस्कार न झालेली, कच्ची कला, असा शब्दप्रयोग केला होता. त्याने जमविलेला संग्रह स्वित्झर्लंडमधील लोझान या शहरात १९७६ मध्ये लोकांसाठी खुला झाला.

या कलेकडे लक्ष प्रथम वैद्यांचे गेले. वाल्टर मॉर्गेन्थालर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९२१ मध्ये आडोल्फ वोल्फ्ली या आपल्या रुग्णाविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. वोल्फ्लीचे बालपण अनाथपणात आणि मोलमजुरीत गेले होते. १८९५ मध्ये तो बर्न शहराजवळच्या वाल्डाऊ रुग्णालयात दाखल झाला आणि १९३० मध्ये मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. त्या अवधीत त्याने चित्रे, मजकूर आणि स्वतःची संगीतलिपी यांनी भरलेली हजारो पाने तयार केली. मॉर्गेन्थालरच्या पुस्तकाचे वैशिष्ट्य असे की त्याने आपल्या रुग्णाचे खरे नाव दिले आणि त्याला कलावंत म्हटले.

पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, जर्मनीतील हायडेलबर्ग येथील हान्स प्रिन्झहॉर्न याचा मनोरुग्णांच्या चित्रांवरील ग्रंथ निघाला. निरनिराळ्या रुग्णालयांतून त्याने हजारो चित्रे गोळा केली होती. त्या काळच्या युरोपीय चित्रकारांवर या ग्रंथाचा मोठा प्रभाव पडला. परंतु त्यातील दहा प्रमुख कलावंतांना त्याने टोपणनावे दिली होती. रुग्णाची खाजगी बाब उघड होऊ नये हा हेतू रास्त होता. तथापि परिणाम असा झाला की चित्रे जगभर गेली आणि चित्रकार नावावाचून रुग्णालयातच राहिले. त्यांपैकी फ्रान्झ कार्ल ब्युलर हा व्यवसायाने कुशल लोहार होता. लोखंडाच्या नक्षीकामात त्याने नाव मिळविले होते. ग्रंथात तो 'पोल' या नावाने आला आहे. १९३७ मध्ये म्युनिक येथे नाझी सत्तेने 'अधःपतित कला' या नावाचे प्रदर्शन भरविले आणि पुढे ते इतर शहरांतून फिरविले. त्या फिरत्या प्रदर्शनात आधुनिक चित्रकारांची निंदा करण्यासाठी प्रिन्झहॉर्नच्या संग्रहातील चित्रांचा उपयोग करण्यात आला. १९४० मध्ये मनोरुग्णांना ठार मारण्याच्या सरकारी मोहिमेत ब्युलर मारला गेला.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे की 'बाहेरचा' हा शब्द वरवर निरुपद्रवी वाटतो, पण तसा तो नाही. माणसाला बाहेरचा ठरविणारे कुंपण चित्रकार घालीत नाही. ते पाहणारा घालतो. त्याच कुंपणाकडे पाहून एकाला त्यामागे निर्मळ प्रतिभा दिसते, दुसऱ्याला विकृती दिसते. दोघेही आत असलेल्या माणसाला त्याचे नाव विचारण्याचे विसरतात.

जनगढ सिंह श्याम

हा विचार मनाशी ठेवून पुन्हा नर्मदेकाठी यावे. जबलपूरहून नदीच्या उगमाच्या दिशेने, अमरकंटककडे निघाले की वाटेत आजचा दिंडोरी जिल्हा लागतो. १९९८ पर्यंत हा भाग मंडला जिल्ह्यात होता. तेथील पाटनगढ या गावी १९६२ च्या सुमारास एका गरीब परधान कुटुंबात जनगढ सिंह श्याम यांचा जन्म झाला. शिरगणतीच्या, म्हणजे जनगणनेच्या, काळात जन्मलेला म्हणून हे नाव पडले, अशी हकीकत सांगितली जाते. शाळा अर्ध्यावर सुटली. गुरे राखणे आणि मजुरी करणे वाट्याला आले. घराच्या भिंती मातीने सारवून त्यांवर चित्रे व नक्षी उठविण्याची गोंड स्त्रियांची रीत आहे. त्याच मातीच्या भिंतींवर या तरुणाचा हात फिरू लागला.

१९८१ मध्ये भोपाळच्या भारत भवनासाठी लोककलांचे नमुने गोळा करणारे तरुण कलावंत या भागात फिरत होते. पाटनगढच्या एका भिंतीवर त्यांना एक चित्र दिसले आणि त्यांनी चित्रकाराची चौकशी केली. भारत भवनाच्या कलासंग्रहाचे प्रमुख, चित्रकार जगदीश स्वामीनाथन, यांनी जनगढ यांना भोपाळला बोलावून घेतले. फेब्रुवारी १९८२ मध्ये भारत भवनाचे उद्घाटन झाले तेव्हा त्यांची चित्रे तेथे होती. स्वामीनाथन यांची भूमिका त्या काळी धाडसी होती. आदिवासी चित्रकार आणि नगरवासी आधुनिक चित्रकार हे एकाच काळात जगणारे समकालीन कलावंत आहेत, एकाला वस्तुसंग्रहालयाच्या कपाटात आणि दुसऱ्याला कलादालनात ठेवण्याचे कारण नाही, असे ते मानीत. म्हणून भारत भवनात दोन्ही प्रकारच्या कृती एकाच छपराखाली मांडल्या गेल्या.

जनगढ यांनी केलेली गोष्ट साधी दिसते, परंतु तिचे महत्त्व मोठे आहे. परधानांची देवदैवते तोवर गाण्यात होती. त्यांना निश्चित रूप नव्हते. जनगढ यांनी ती कागदावर आणि कॅनव्हासवर आणली. बारीक ठिपके, तुटक रेषा, कंगव्याच्या दातांसारख्या रेघांच्या ओळी यांनी त्यांनी प्राण्यांची, वृक्षांची आणि देवांची अंगे भरून टाकली. हरणाच्या शिंगांना झाडाच्या फांद्या फुटतात, पक्ष्याच्या पोटात जंगल दिसते. बान्याच्या तारेवरून येणारा नादच जणू ठिपक्यांत मोजला जात आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. भोपाळ येथील विधानभवनाच्या भिंतींवर त्यांनी चित्रे काढली. १९८९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या 'पृथ्वीचे जादूगार' या अर्थाच्या नावाच्या प्रसिद्ध प्रदर्शनात त्यांच्या कृती होत्या. पाटनगढहून त्यांचे नातलग भोपाळला आले, त्यांच्या हाताखाली शिकले, आणि या शैलीला 'जनगढ कलम' असे नाव मिळाले.

आता विचारावयाचे ते असे की जनगढ हे बहिःस्थ कलावंत होते काय? पाश्चात्त्य व्याख्येची एक बाजू त्यांना लागू पडते : कलाशाळा त्यांनी पाहिली नव्हती. परंतु दुसरी बाजू मुळीच लागू पडत नाही. ते एकांतात, कोणत्याही परंपरेवाचून चित्रे काढीत नव्हते. त्यांच्या मागे गायकांच्या पिढ्या होत्या, पुढे शिष्य होते. एका जगाच्या मधोमध ते उभे होते. केवळ ते जग शहराच्या नकाशावर नव्हते. म्हणून त्यांच्या बाबतीत 'बाहेर' हा शब्द कलेचे वर्णन करीत नाही; तो फक्त सत्तेचे, पैशाचे आणि अंतराचे वर्णन करतो.

आणि हे अंतरच अखेरीस प्राणांवर आले. २००१ मध्ये जनगढ जपानमधील नीगाता प्रांतातील एका संग्रहालयासाठी काम करीत होते. ते तेथे पूर्वीही गेले होते. या वेळी मुक्काम लांबला. घरी परतण्याची ओढ त्यांच्या पत्रांतून व्यक्त झाल्याचे त्यानंतर पुढे आले. जुलै २००१ च्या आरंभी त्यांनी तेथेच आपले जीवन संपविले. वय चाळिशीच्या आतले होते. भारतात अनेक कलावंतांनी आणि लेखकांनी या मृत्यूच्या चौकशीची मागणी केली.

अशा मृत्यूचे एकच कारण सांगणे कोणालाही शक्य नसते आणि तसा प्रयत्न करूही नये. आत्महत्येमागे मनाची व्यथा, परिस्थिती, एकाकीपण, वेळीच मदत न मिळणे अशी अनेक कारणे एकत्र येतात. परंतु परिस्थितीचे वर्णन करता येते, आणि ते केले पाहिजे. परधान गायक यजमानाच्या दारी जाई तेव्हा त्याचे गाणे ऐकणाऱ्याला कळे आणि परतीची वाट त्याच्या स्वाधीन असे. परदेशी एकट्याने काम करणाऱ्या कारागिराच्या अवतीभवती त्याची भाषा नसते. कामाचा करार त्याने स्वतः वाचलेला असतोच असे नाही. परतीची तारीख दुसऱ्याच्या हाती असते. आणि मन खचले तर ते सांगावे कोणाला, हे त्याला ठाऊक नसते. कलेला यजमान मिळतो, पण कलावंताचे वर्तुळ पुरे होत नाही.

२०१० मध्ये न्यूयॉर्क येथील एका लिलावात जनगढ यांचे १९८८ सालचे एक चित्र सुमारे ३१ हजार डॉलरना विकले गेले. आदिवासी चित्रकाराच्या कृतीला लिलावात अशी किंमत येणे ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती. ते पाहावयास चित्रकार मात्र नव्हता.

मौन आणि रेषा

दुसरे उदाहरण महाराष्ट्रातील आहे आणि ते वेगळ्या दिशेने जाते. जिव्या सोमा मशे यांचा जन्म १९३४ मधला. त्यांचे बहुतेक आयुष्य डहाणू तालुक्यातील गंजाड गावाच्या कळंबीपाड्यावर गेले. लहानपणी, वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास, त्यांची आई वारली आणि त्या धक्क्याने या मुलाचे बोलणे बंद झाले. कित्येक वर्षे तो धुळीत रेघा ओढून आपले म्हणणे सांगत असे. आजचा मनोविकारतज्ज्ञ अशा मुलाला शोकाचा जबर आघात झालेला मूल म्हणेल. पाड्याने त्याला काही नाव दिले नाही. त्याला मुलांत राहू दिले, आणि त्याच्या रेघा समजून घेतल्या.

वारल्यांमध्ये लग्नाच्या वेळी झोपडीच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याची प्रथा आहे. चौकात पालघाट देवी असते. हे काम सवाशिणींचे. पुरुषाने करावयाचे नव्हे. मशे यांनी विधीच्या निमित्तावाचून, रोजच्या रोज चित्रे काढण्यास सुरुवात केली. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी हे मराठी चित्रकार वारली पाड्यांवर आले. बिहारमधील मिथिला भागातील स्त्रियांना कागदावर चित्रे काढण्यास त्यांनीच पूर्वी उत्तेजन दिले होते. त्यांच्यामुळे मशे यांच्या रेषा कागदावर आणि शहरात पोहोचल्या. १९७६ मध्ये मशे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. १९८९ च्या पॅरिसच्या त्याच प्रदर्शनात जनगढ यांच्याबरोबर त्यांचीही चित्रे होती. जगभर प्रवास करूनही ते परत पाड्यावर येत राहिले. मुलांना त्यांनी हीच कला शिकविली. आणि मे २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

या दोन जीवनांची तुलना करून एकाला यशस्वी आणि दुसऱ्याला दुर्दैवी ठरविणे हा येथील हेतू नाही. दाखवावयाचे ते इतकेच की मनावरील आघात हा कलेचा उगम असतो असे नाही आणि कला हे आघातावरचे हमखास औषध असते असेही नाही. मशे यांना रेषा उपयोगी पडली, कारण ती रेषा वाचणारी माणसे भोवती होती. जनगढ यांचा हात अखेरपर्यंत समर्थ होता. तरीही त्या हाताने त्यांना वाचविले नाही. कलेमुळे मनाला वाट मिळते, पण त्या वाटेच्या दुसऱ्या टोकाला कोणी तरी असावे लागते.

वेडेपण आणि प्रतिभा ही जुळी भावंडे आहेत, हा समज म्हणूनच टाकून दिला पाहिजे. तीव्र मनोविकार माणसाची शक्ती बहुधा खाऊन टाकतो. चित्रे निघतात ती विकारामुळे नव्हे, तर विकार असूनही. ब्राझीलमधील मनोविकारतज्ज्ञ नीझी दा सिल्वेइरा यांनी हे ओळखले होते. विजेचे झटके आणि मेंदूवरील शस्त्रक्रिया करण्यास त्यांनी नकार दिला, १९४६ मध्ये रुग्णांसाठी चित्रशाळा सुरू केली, आणि १९५२ मध्ये रिओ द जानेरो येथे त्या चित्रांचे संग्रहालय उभारले. रुग्णाला रंग देणे त्यांच्या दृष्टीने पुरेसे नव्हते. शेजारी बसणारे, आपुलकीने पाहणारे माणूसही त्या देत असत.

पडद्याचे युग

गेल्या दोन दशकांत भिंत आणि कागद यांच्या जागी दूरध्वनीचा छोटा पडदा आला. त्याने कुंपणे मोडली, असे म्हणण्यास जागा आहे. पाटनगढमधील तरुणाला आपले चित्र दाखविण्यासाठी आता भोपाळहून कोणी येण्याची वाट पाहावी लागत नाही. त्याने सकाळी काढलेले चित्र संध्याकाळी पुण्यातले किंवा पॅरिसमधले गिऱ्हाईक पाहू शकते. दूर गेलेला माणूस घरच्यांचे तोंड पडद्यावर पाहू शकतो. २००१ मध्ये पत्राची वाट पाहावी लागत होती. ही सोय लहान मानता येणार नाही.

परंतु पडद्याबरोबर जुना प्रश्न नव्या रूपाने आला. चित्र एका पडद्यावरून दुसऱ्यावर जाताना प्रथम गळते ते चित्रकाराचे नाव. हरीण, मोर आणि ठिपके राहतात. 'गोंड शैली' एवढी चिठ्ठी राहते. तीच आकृती साडीवर, पेल्यावर, उशीच्या अभ्र्यावर छापली जाते. अलीकडे तर लाखो चित्रे वाचून तशीच चित्रे तयार करणारी यंत्रबुद्धी आली आहे. तिला 'गोंड पद्धतीचे झाड' असे सांगितले की क्षणात झाड उभे राहते. त्या झाडाला बडा देव ठाऊक नसतो, आणि ज्या हातांनी ते ठिपके प्रथम मोजले त्यांना एक पैसाही पोहोचत नाही. प्रिन्झहॉर्नच्या काळी नाव लपविले गेले ते रुग्णाची लाज राखण्यासाठी. आज ते कोणीही न लपविता नाहीसे होते.

येथे कायद्याच्या मर्यादा समजून घेणे उपयुक्त ठरेल. मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला २०२३ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. त्यामुळे विशिष्ट प्रदेशातील नोंदणीकृत कारागिरांच्या मालालाच ते नाव लावता येते. हा हक्क समूहाचा असतो. एखाद्या चित्रकाराच्या विशिष्ट चित्राचे रक्षण त्याने होत नाही. ते काम १९५७ च्या प्रतिलिप्यधिकार कायद्याचे. या कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे हक्क टिकतो. म्हणजे जनगढ यांच्या चित्रांवरील हक्क २०६१ सालच्या अखेरपर्यंत राहील. चित्राचा कर्ता म्हणून नाव सांगण्याचा हक्क तर चित्र विकल्यावरही कर्त्याकडेच राहतो. परंतु शैलीवर असा हक्क नसतो, आणि यंत्र उचलते ती नेमकी शैलीच. अशा वेळी कायद्याआधी पाहणाऱ्याची सवय बदलावी लागते. चित्र पुढे पाठविताना त्याखाली नाव लिहिणे ही अगदी लहान कृती आहे. तिने कलावंत माणूस म्हणून शिल्लक राहतो.

पडद्याचा दुसरा परिणाम मनावर होतो. यजमानाच्या अंगणात दहा माणसे ऐकत, परंतु ती दहा माणसे गायकाला ओळखत. पडद्यावर दहा हजार पाहतात आणि कोणीच ओळखत नाही. मान्यतेची जागा मोजणीने घेतली की कालच्या आकड्याहून आजचा आकडा कमी झाला म्हणून माणूस खिन्न होतो. संपर्क आणि सोबत या दोन गोष्टी एक नव्हेत, हे या युगाने पुरते शिकविले आहे.

उमरिया जिल्ह्यातील लोढा गावच्या जोधइया बाई बैगा यांचे उदाहरण या संदर्भात आठवते. पतीच्या मृत्यूनंतर त्यांनी मजुरी करून मुले वाढविली. वयाची साठी उलटून बरीच वर्षे झाल्यावर त्यांनी, शांतिनिकेतनात शिकलेले आशीष स्वामी यांच्या गावातील चित्रशाळेत, प्रथम रंग हातात घेतले. त्यांची चित्रे पुढे परदेशांतील प्रदर्शनांत गेली. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. म्हाताऱ्या, निरक्षर, आदिवासी स्त्रीला सर्व अर्थांनी बाहेर मानता आले असते. चित्रशाळा तिच्याच गावात होती, इतक्या एका गोष्टीने फरक पडला. कलेसाठी तिला गाव सोडावे लागले नाही.

उपचार, कायदा आणि सोबत

राहतो तो उपचाराचा प्रश्न. बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. त्यांत मध्य प्रदेशही होता. प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. त्याहून चिंताजनक बाब अशी की विकारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलाच नव्हता. खेड्यातील, जंगलपट्टीतील आणि परगावी राबणाऱ्या माणसाला ही उणीव अधिक भासणार, हे उघड आहे.

कायदा मात्र बदलला आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ मध्ये अमलात आला. सरकारी खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क त्याने प्रत्येकाला दिला. रुग्णाने समाजात राहावे, त्याला कुटुंबापासून व समाजापासून तोडले जाऊ नये, हेही त्यात नमूद आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस गुन्हेगार नसून तीव्र मानसिक ताणाखाली आहे असे गृहीत धरून त्याची शुश्रूषा करावी, अशी तरतूदही या कायद्याने केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'टेलिमानस' ही दूरध्वनीवरील सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक देशात कोठूनही, दिवसा वा रात्री, विनामूल्य फिरविता येतो आणि पलीकडील समुपदेशकाशी अनेक भारतीय भाषांतून बोलता येते. जो पडदा माणसाला एकटे पाडतो, त्याच यंत्रातून मदतीचा आवाजही येऊ शकतो. मात्र तो क्रमांक फिरविण्याचे बळ पुष्कळदा खचलेल्या माणसात नसते. ते शेजाऱ्याने पुरवावे लागते.

कलावंतांच्या बाबतीत काही गोष्टी आयोजकांना आणि संग्राहकांना आजही सहज करता येण्याजोग्या आहेत. करार कलावंताच्या भाषेत लिहावा आणि वाचून दाखवावा. परतीची तारीख आरंभीच ठरवावी व परतीचे तिकीट त्याच्या हातात द्यावे. दूरच्या मुक्कामी एकट्याला न बोलाविता दोघांना बोलवावे. काम थांबवून घरी जावेसे वाटले तर त्याबद्दल त्याला दंड नसावा. चित्राखाली त्याचे नाव असावे. यांतील एकही गोष्ट औषध नव्हे. पण परधानाचे जुने वर्तुळ नेमके याच गोष्टींचे बनलेले होते.

बडा देव सजा वृक्षात राहतो आणि बाना वाजल्यावाचून जागा होत नाही, अशी परधानांची श्रद्धा आहे. तिचा अर्थ व्यापक आहे. ऐकणारा नसेल तर देवही झोपून राहतो. मग माणसाचे काय? ज्या कलेला आज बहिःस्थ म्हणतात ती बाहेर नसते. ती ज्या घराच्या आत जन्मते, त्या घराची वाट पाहणाऱ्याने चालून पाहिलेली नसते इतकेच. गढ्याच्या टेकडीपासून पाटनगढपर्यंतची वाट जुनी आहे. तिच्यावरून चित्रे खाली आली. आता कलावंताची खुशाली विचारणाऱ्यांनी वर जावे, हेच उरले आहे.